मशीन विचारते, रुपये की रियाल?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती, नेहमीप्रमाणे ५ तारखेला. बचत गोळा झाली, हप्ते आले, अध्यक्षांनी वही मिटायला घेतली, आणि तेव्हा लक्षात आलं की आपांचा हप्ता आलेला नाही. आपा म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्यात वक्तशीर बाई. शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं, महिन्याला १,७०० रुपये हप्ता, आणि आजवर एकदाही चुकला नव्हता. आता एक नाही, दोन हप्ते राहणार म्हणाल्या. उमऱ्याहून येऊन त्यांना दीड महिना झाला होता. आम्हाला वाटलं, तिकडे खरेदी जास्त झाली असेल. आपा डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "मी तं एवढं घेतलंच नाई वो ताई. कार्डाचं बिल पाहून पोरगा मलेच इचारते, अम्मी, हे काय केलं?"

मी ते बिल मागून घेतलं. दोन संध्याकाळी घेऊन बसले. आपांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. खरेदी थोडीच होती. पण खरेदीच्या खाली बारीक अक्षरात सहा-सात ओळी होत्या, आणि त्या ओळींनीच दोन हप्ते खाल्ले होते. आज त्या ओळी तुम्हाला वाचून दाखवते. तुम्ही म्हणाल, आपल्याला कुठे परदेशात जायचं आहे? पण पाहा ना, आपल्या दिग्रसमधून दरवर्षी माणसं हज-उमऱ्याला जातात, बौद्ध वस्तीतल्या बाया लुंबिनीला जातात आणि लुंबिनी नेपाळात आहे. कोणाचा मुलगा दुबईला आहे, सून बाळंत होणार म्हणून आई जाते. गटाची बचत मोडून, सोनं गहाण ठेवून माणूस जातो. त्यातले पैसे असे वाटेत गळून जाणं बरं नाही.

आधी एक ओळखीची गोष्ट सांगते. सोनं घेताना सराफाचा भाव एक असतो आणि मोडायला गेलं की दुसरा. मधला फरक ही त्याची कमाई. परदेशी पैशाचंही तसंच आहे. रियाल विकत घ्यायचा भाव वेगळा, परत द्यायचा वेगळा. टीव्हीवर दाखवतात तो भाव या दोन्हींच्या मधला. तो आपल्याला कुठेच मिळत नाही. तेव्हा 'कमिशन नाही' अशी पाटी दिसली तरी भुलायचं नाही, कमिशन भावातच बसलेलं असतं. बाजार समितीत सोयाबीन नेलं की हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई वेगळी लिहिलेली दिसते. आवडो न आवडो, दिसते तरी. कार्डाच्या मशीनवर ती दिसत नाही.

आता आपांचं बिल. हिशेब सोपा जावा म्हणून एक रियाल २३ रुपयांचा धरू. रोजचा भाव थोडा इकडेतिकडे होतो. प्रत्येक बँकेचे टक्केही थोडे वेगळे असतात, पण मी सांगते ते बहुतेक साध्या कार्डांना लागू पडतात.

आपांकडे जनधन खात्याचं रुपे कार्ड होतं. ते तिकडे चाललंच नाही. जनधनचं साधं रुपे कार्ड देशातल्या वापरासाठी असतं. शिवाय २०२० च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की नवीन कार्ड परदेशी वापरासाठी बंदच मिळतं, आपण स्वतः सांगून चालू करावं लागतं. नियम आपल्या भल्याचा आहे, कार्डाचा नंबर चोरीला गेला तर परदेशातून कोणी पैसे ओढू शकत नाही. पण आधी माहीत नसेल तर माणूस परक्या मुलखात अडकतो. (कार्डावर 'व्हिसा' लिहिलेलं असतं, त्याचा पासपोर्टावरच्या व्हिसाशी काही संबंध नाही. मला एका काकूंनी खरंच विचारलं होतं, म्हणून सांगितलं.) मग आपांनी मुलाने काढून दिलेलं ॲड-ऑन क्रेडिट कार्ड वापरलं.

मक्केत हॉटेलखालच्या दुकानात त्यांनी खजूर, दोन अबाया आणि नातवंडांसाठी काहीबाही असं ४०० रियालचं सामान घेतलं. म्हणजे ९,२०० रुपये. दुकानदाराने कार्ड मशीनला लावलं. मशीनने विचारलं, पैसे रियालमध्ये घ्यायचे की भारतीय रुपयांत? दुकानदाराने आपांना न विचारता रुपयांचं बटण दाबलं. आपा म्हणाल्या, "मले तं बरंच वाटलं. आपला रुपया दिसला, हिशेब समजला."

खरी मेख इथेच आहे. रुपये निवडले की रियालचे रुपये करायचं काम आपली बँक करत नाही, तिकडच्या मशीनमागची कंपनी करते आणि भाव ती स्वतः लावते. त्यात तिचे पाच-सहा टक्के, कधी त्याहून जास्त असतात, आणि त्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो. म्हणून तो घाईने बटण दाबतो. सहा टक्के धरले तर ९,२०० चे झाले ९,७५२. एवढ्यावर थांबत नाही. व्यवहार रुपयांत झाला तरी दुकान परदेशातलं, म्हणून आपल्याकडच्या काही बँका त्यावर आणखी एक टक्का घेतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. ते ११५ रुपये. एकूण ९,८६७.

त्याच ठिकाणी रियाल निवडले असते तर? कार्ड कंपनी आपल्या त्या दिवशीच्या भावाने रुपये करते आणि आपली बँक वर साडेतीन टक्के लावते. बँकेच्या कागदावर याला 'फॉरेक्स मार्कअप' म्हणतात. ४०० रियालवर ते ३२२ रुपये, त्यांच्यावर जीएसटी ५८. एकूण ९,५८०. हेही फुकट नाही, पण २८७ रुपये कमी.

म्हणून परदेशात मशीनने विचारलं, आपलं चलन की तिथलं, तर उत्तर एकच द्यायचं: तिथलं. सौदीत रियाल, दुबईत दिरहम. मन म्हणेल रुपये बरे, कारण रुपये समजतात. त्या समजण्याचेच ते पैसे घेतात. एटीएमही हाच प्रश्न विचारतं आणि तिथेही उत्तर तेच. दुकानदाराला आपल्याला विचारल्याशिवाय बटण दाबायचा अधिकार नाही, व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही कंपन्यांचा तसा नियम आहे. त्याने दाबलंच आणि कागदावर रुपयांचा आकडा आला, तर सही किंवा पिन द्यायच्या आधी म्हणायचं, "रद्द करा, रियालमध्ये घ्या." मक्का-मदिनेच्या दुकानांत हिंदी-उर्दू सगळ्यांना कळतं. लाजायचं कारण नाही. आठवडी बाजारात वांग्याच्या पावभर वजनासाठी आपण भांडतो की नाही?

पण आपांचं खरं नुकसान दुकानात झालं नाही, ते एटीएमवर झालं.

सोबत नेलेले रोख रियाल संपले. गाडीभाडं, खाणं, दानधर्म, सगळं रोखीनं. म्हणून त्यांनी त्याच क्रेडिट कार्डाने दोन वेळा ५००-५०० रियाल काढले. त्यांना वाटलं, एटीएममधून पैसे काढले तर कसली व्याज-बट्टी? आपल्या खात्यातून काढतो तसंच. बायांनो, क्रेडिट कार्डात आपले पैसे नसतातच. ते बँकेचं कर्ज असतं. सामान घेतलं तर बिल भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत व्याज नाही, ही सवलत फक्त खरेदीला आहे, आणि तीही मागचं बिल पूर्ण भरलं असेल तरच. रोख काढली की व्याज त्या दिवसापासून, बिल यायची वाट न बघता. आणि व्याज किती? महिन्याला शेकडा साडेतीन. आपल्या गटात अंतर्गत कर्जाला शेकडा दीड की दोन यावर आपण तासभर वाद घालतो. इथे साडेतीन कोणी विचारतही नाही.

आता मोजा. १,००० रियाल म्हणजे २३,००० रुपये. रोख काढायची फी अडीच टक्के, पण एका वेळी कमीत कमी ५०० रुपये. दोनदा काढले म्हणून १,०००. (एकदाच काढले असते तर ५७५ मध्ये भागलं असतं.) त्यावर साडेतीन टक्के मार्कअप, ८०५. दोन्हींवर जीएसटी, ३२५. मग मुलाने बिल भरेपर्यंत ४० दिवस गेले, त्याचं व्याज १,०७३, आणि व्याजावरही जीएसटी, १९३. सगळे मिळून ३,३९६ रुपये. आपांचे दोन हप्ते किती? ३,४००. मी आकडा दोनदा तपासला.

हेच १,००० रियाल निघायच्या आधी घेतले असते तर काय झालं असतं? परवाना असलेल्या दुकानात किंवा बँकेत विकायचा भाव समजा २३ रुपये ४० पैसे लागला. ४०० रुपये जास्त. आणि नोटा बदलण्यावर जीएसटी असतो, तो थोड्या रकमेवर फार तर ४५ रुपये. म्हणजे सगळे मिळून ४४५. आता ३,३९६ आणि ४४५ हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून पाहा.

तेव्हा घरून निघतानाच तयारी हवी. तालुक्याच्या शाखेत रियाल-दिरहमच्या नोटा काउंटरवर तयार नसतात. आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर नागपूरला जावं लागतं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड सोबत न्या. परदेशी पैसे घेताना रोख रुपयांत ५०,००० पर्यंतच देता येतात, त्यापुढे खात्यातून. दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा, "अमुक रियाल घ्यायचे, सगळं धरून हातात किती रुपये मोजायचे?" भाव किती, कमिशन किती असं वेगवेगळं विचारू नका, त्यात गुंता होतो. शेवटचा आकडा विचारा. विमानतळावरच्या दुकानात भाव नेहमीच वाईट, तिथे अडचणीपुरतेच घ्या. आणि कोणी ओळखीचा एजंट म्हणाला, "बिल कशाला, मी आणून देतो," तर त्याला हात जोडा. बिल नसेल तर खोटी नोट निघाली तरी दाद मागता येत नाही.

दुसरी सोय म्हणजे फॉरेक्स कार्ड. यात आपण रुपये भरून आधीच रियाल घालून ठेवतो. भाव त्या दिवशीचा पक्का होतो. तिथे खरेदी केली की कार्डातले रियालच वजा होतात, साडेतीन टक्के लागत नाहीत. मात्र रियालचं कार्ड दुबईच्या विमानतळावर दिरहमसाठी वापरलं तर पुन्हा बदलण्याचे पैसे लागतात. एटीएममधून रोख काढली की प्रत्येक वेळी ठरलेली फी पडते, म्हणून रोज थोडे-थोडे काढत बसू नये. कार्ड काढायची फी असते आणि उरलेले पैसे परत घेताना मोडीचा भाव मिळतो. हजला जाणाऱ्यांना आठवत असेल, पूर्वी हज समिती निघताना २,१०० रियाल हातात द्यायची. २०२३ पासून ती पद्धत बंद झाली, आणि नोटा किंवा फॉरेक्स कार्ड आपणच घ्यायचं असं झालं, त्यासाठी स्टेट बँकेची सोय केली. म्हणजे हजला जाणाऱ्या आपल्या भगिनींना हा विचार आता स्वतःच करावा लागतो. विदर्भातले बरेच हाजी नागपूरहून निघतात, पण निघायच्या दिवशी गर्दीत कार्डाचा पिन बसवत बसू नका. घरी असतानाच आपल्याकडच्या एटीएमवर मुलाला सोबत घेऊन पिन शिकून घ्या.

एक बारीक गोष्ट. कार्डाचा ओटीपी ज्या मोबाईलवर येतो, त्या सिमचं रोमिंग चालू नसेल तर कितीही चांगलं कार्ड असो, पुष्कळ कामं अडतात.

आता लुंबिनी. आपल्याकडच्या बाया सहसा बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून सोनौलीच्या सीमेवरून तिकडे जातात. नेपाळचा हिशेब सोपा आहे. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा भाव ठरलेला आहे, रोज बदलत नाही. म्हणून तिथे कार्डाची भानगड फारशी नको. पण दुसरीच गंमत आहे. नेपाळी पैशालाही रुपयाच म्हणतात! दुकानदार सांगतो "आठशे", आपण देतो आपले आठशे. नेपाळी आठशे म्हणजे आपले पाचशे. तीनशे रुपये गेले आणि कळलंही नाही. तिथले लोक 'आयसी' आणि 'एनसी' म्हणतात, आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. वस्तूला हात लावायच्या आधी विचारायचं, "आयसी की एनसी?" मक्केतल्या मशीनचाच प्रश्न आहे हा, फक्त इथे तो आपण विचारायचा.

नोटांचंही बघा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेपाळ सरकारने १०० च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. असे नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात यात्रा नेणाऱ्याकडून विचारून घ्या. १०० च्या नोटांवर ती बंदी नव्हती. तेव्हा इथल्या बँकेतूनच १०० च्या नोटांची गड्डी घेतलेली बरी, सीमेवर सुटे करून देणारे पाचशेमागे आपलं काढून घेतात. मार्च २०२४ पासून नेपाळात 'फोनपे' नावाच्या तिथल्या कंपनीच्या क्यूआरवर आपलं यूपीआयही चालायला लागलं आहे. (आपल्याकडचं फोनपे वेगळं, नेपाळचं वेगळं, नाव ऐकायला सारखं.) बऱ्याच ॲपमध्ये परदेशी वापराचा पर्याय आधी चालू करावा लागतो. पिन टाकायच्या आधी किती भारतीय रुपये जाणार ते पडद्यावर दिसतं, ते वाचा.

जाता जाता घरचंही सांगून टाकते, कारण प्रवासाची खरेदी इथेच सुरू होते. दुकानात कार्ड दिलं की "दोन टक्के जास्त लागतील" असं ऐकायला मिळतं. डेबिट कार्डावर दुकानदाराने असे वरचे पैसे मागू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं आहे. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर तर जानेवारी २०२० पासून दुकानदारालाच बँकेला काही द्यावं लागत नाही, मग तो आपल्याकडून कशाचे घेणार? क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी, तिथे त्याला खरंच टक्के पडतात. अशा वेळी मी यूपीआय करते आणि गप्प बसते.

यात्रा कंपनीच्या पावतीवर 'टीसीएस' असा आकडा दिसेल. परदेशी सहलीच्या रकमेवर सरकारसाठी कापलेला तो कर असतो. त्याचे टक्के अर्थसंकल्पात बदलत आले आहेत. तो आपल्या पॅनवर जमा होतो, आणि आपलं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. पुष्कळ बाया मागतच नाहीत, कारण तो आपला आहे हेच माहीत नसतं. ही रक्कम काही हजारांत जाऊ शकते. पावती जपा. उमरा, हज, दुबई, काहीही असो.

परत आल्यावर उरलेल्या नोटा डब्यात ठेवून देऊ नका. १८० दिवसांच्या आत बदलून घ्यायचा नियम आहे. थोडे, म्हणजे २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत, पुढच्या वेळेसाठी ठेवता येतात. नाणी कोणी बदलून घेत नाही, ती तिकडेच खर्च करून या.

आपांचं पुढे काय झालं, ते विचाराल. आम्ही बँकेला लेखी दिलं. उत्तर आलं की रोख काढायची फी आणि व्याज हे कार्डासोबतच्या कागदात छापलेलं आहे, ते परत मिळणार नाही. खरंच छापलेलं होतं, मी शोधलं, इंग्रजीत, सोळाव्या पानावर. दुकानदाराने न विचारता रुपयांत घेतले, त्याची तक्रार करता आली असती, पण त्यासाठी दुकानाची पावती लागते. तिच्यावर कोणत्या भावाने रुपये केले ते बारीक अक्षरात असतं. आपांनी ती पावती खजुराच्या पिशवीसोबत टाकून दिली होती. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. आपांच्या बाबतीत आमच्या हातात कागदच नव्हता, म्हणून आम्ही पुढे गेलो नाही.

हप्त्याचं मात्र गटाने ठरवलं. दोन हप्ते पुढे ढकलले, दंड लावला नाही. आपा नको म्हणत होत्या, नियम सगळ्यांना सारखा म्हणत होत्या. मग त्यांनीच एक काम अंगावर घेतलं. यंदा हजला जाणाऱ्या ज्या बायांचे अर्ज मंजूर झाले आहेत, त्यांच्या घरी आपा स्वतः बिल घेऊन जातात आणि त्या सहा-सात ओळी दाखवतात. लुंबिनीला जाणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत वीस मिनिटं आधी या. येताना आपापलं एटीएम कार्ड आणा, कोणाचं कुठे चालतं ते एकदा पाहून घेऊ. कार्डाचा पिन मात्र मलाही सांगू नका.